सिहोऱ्याचा न झिजणारा साबण

नेपियर टाउनातल्या विनताकाकूंच्या पोटात दोन गोष्टी टिकत नाहीत. एक हरभऱ्याची उसळ, दुसरं गुपित. सरकारला हे ठाऊक नसावं, नाहीतर अचानक जाऊन बालगृहं तपासणाऱ्या जिल्हा समितीवर त्यांना कोण घेतं?

काकू तोफगोळ्यांच्या कारखान्यातल्या तपासनीस. तीस वर्षं गोळ्यांवर अंगठा फिरवून खोट काढली. निवृत्तीनंतर तोच अंगठा बालगृहांतल्या ताटांवर नि गाद्यांवर फिरू लागला.

सिहोऱ्याच्या मुलींच्या बालगृहात मात्र दोन तपासण्या झाल्या तरी अंगठ्याला काही लागेना. बावीस मुली, बावीस गाद्या, साबणाच्या बावीस वड्या. सगळं इतकं चकाचक, की काकू चिडल्याच. कारण पहिल्या तपासणीनंतर चार महिन्यांनीसुद्धा वड्यांवरची अक्षरं ताजीतवानी होती, आणि सात वर्षांची चिन्मयी दोन्ही वेळा बोटांच्या बेचक्यांत कराकरा खाजवत होती. तिसऱ्यांदाही असंच दिसलं, तर कागदोपत्री शेरा पडणार 'उत्तम', आणि वर्षभर तिकडे कोणी फिरकणार नाही.

"मॅडम, यांना आधीच कळतं कसं?" समितीतल्या अनुपमनं विचारलं.

काकूंनी जीभ चावली. शेजारच्या बेबीची भाची श्रद्धा तिथली अधीक्षिका. आणि बेबीला दोन्ही तारखा कोणी सांगितल्या? कुंपणावरून कढीपत्ता देता देता, खुद्द काकूंनी!

गुरुवारी त्या पुन्हा कुंपणाशी उभ्या. "बेबी, उद्या मी भिशीच्या बायकांसोबत सहलीला भेड़ाघाटला जाऊन राहिली. सिहोऱ्याचं आता सोमवारी. कोणाला सांगू नको हं."

"मी काहून सांगू, ताई?" असं म्हणत बेबी वळली ती थेट फोनकडे.

शुक्रवारी काकू गॉगल लावून, पुरीभाजीचा डबा घेऊन नटूनथटून ऑटोत बसल्या. बेबीनं हात हलवला. कोपऱ्यावर ऑटो वळला, अनुपम आत शिरला आणि दोघांनी सिहोऱ्याची बस गाठली.

श्रद्धा डोक्यावर मेंदी थापून अंगणात बसली होती. काकूंना बघून ताडकन उठली. "अरे! काकू, तुम्ही तर भेड़ाघाटला होत्या ना?"

"अच्छा! अनुपम, आधी हे वाक्य लिहून घे."

खाटांवर नुसत्या सतरंज्या, न्हाणीघरात साबणाचा पत्ता नाही. कोठीचं कुलूप उघडलं, तर प्लास्टिकमधल्या बावीस गाद्या आणि कोऱ्या वड्या रांगेत.

"मुलींना वड्या दिल्या की संपून जातात ना," श्रद्धा पुटपुटली.

"मग साबणाचं काय लोणचं घालायचं, बाई?"

पुढचा तासभर नुसता धिंगाणा. मुलींनी प्लास्टिक टराटरा फाडलं, गाद्यांवर उड्या मारल्या, अंगणभर फेस केला. डॉक्टर आले, सगळ्यांना खरजेचं औषध मिळालं, श्रद्धाला नोटीस. अहवालात 'बातमी कोणाकडून फुटली' या रकान्यात काकूंनी स्वतःचंच नाव घातलं, आणि समितीच्या साहेबांची ताकीद मान खाली घालून ऐकली.

तोंड मात्र बंद झालं नाही. आता रोज सकाळी कुंपणावर ठरलेलं: "बेबी, कोणाला सांगू नको, उद्या सिहोऱ्याला जाऊन राहिली."

खरं की खोटं, बेबीला कळत नाही. फोन मात्र रोज जातो, आणि सिहोऱ्यात गाद्या-साबण रोज कोठीबाहेर राहतात.

महिन्यानंतर काकू खरंच गेल्या. वडी उचलून अंगठा फिरवला. अक्षरं गायब, वडी पापडासारखी पातळ. चिन्मयी दोन्ही पंजे पसरून समोर उभी राहिली. काकूंनी एकेक बेचकं तपासलं नि तिच्या नाकावर फेस लावला.