अण्णा मिस्त्री आणि इनामदारांचा ट्रॅक्टर

वर्कशॉपात माणूस चार वर्षं राहिला की अंगाला डिझेलचा वास लागतो आणि तोंडाला किस्से. वास निदान साबणानं जातो! मी बेळगावात, खडेबाजाराच्या मागच्या बोळात, अण्णा मिस्त्रींच्या हाताखाली फिटर होतो. लढाईचे दिवस. आमच्याकडं यायची ती पिठाच्या गिरण्यांची आणि पाण्याची इंजिनं. पण अण्णांचं खरं दुखणं म्हणजे निपाणीजवळच्या एका इनामदारांचा छोटा विलायती डिझेल ट्रॅक्टर. त्याचं गिअर कव्हर सारखं गळायचं, आणि कव्हराच्या आत बसलेला, इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर सारखा रुसायचा. लढाईमुळं नवे पार्ट यायचे बंद झालेले. सगळी भिस्त अण्णांच्या डोक्यावर!

*

मी मूळचा साताऱ्याकडचा, कानडीचा गंध नाही. पहिल्याच खेपेला कव्हर बसवून मी इंजिनात तेल ओतायला घेतलं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर भीमाप्पा पट्टी बुडवून तेल बघत होता. तो ओरडला, "साक! साक!" कानडीत 'साक' म्हणजे पुरे. मला ऐकू आलं 'टाक'. मी टाकलं. तो आणखी जोरात ओरडला, मी आणखी भराभर टाकलं! तेल उलटं वर आलं तेव्हा अण्णांनी धावत येऊन माझ्या हातातला डबा हिसकावला.

"आरं, एवढं तेल इंजनात घालण्यापरास थोडं कानात घालून आला असतास तर!"

*

त्या गव्हर्नरात पोलादाच्या गोळ्या होत्या, बोराच्या बीएवढ्या. एकदा जोडायला बसलो तर एक गोळी कमी! अशी गोळी आणायची कुठनं? आम्ही जमीन झाडली, माती चाळली, लोहचुंबक फिरवला. दुपार झाली. अण्णा हताश होऊन बसले, चंची सोडली, पान लावलं, सुपारीची खांडं तोंडात टाकली.

कड्!

अण्णांनी गाल धरला. तळहातावर थुंकले तर अर्धी दाढ आणि आमची गोळी! हरवू नये म्हणून त्यांनीच ती सकाळी चंचीत ठेवली होती. दाढ त्यांनी बाजूला टाकली, गोळी धोतराला पुसून उजेडात फिरवून फिरवून बघितली.

"बरं झालं," म्हणाले, "गोळीला काय झालं न्हाय!"

*

इंजिन आणि कव्हर यांच्या मधे जाड कागदाची गॅस्केट घालावी लागते, नाहीतर तेल गळतं. तसला कागद कुठं मिळेना. इनामदारांच्या ओट्यावर जाडजूड कागदाची एक जुनी गुंडाळी पडली होती. मी ती कव्हरावर ठेवून हातोडीनं ठोकून कापली, बसवली, बोल्ट आवळले. थेंबभर तेल गळेना!

तेवढ्यात इनामदार पाहुण्यांना घेऊन बाहेर आले. "इथं आमच्या ताईची पत्रिका ठेवलेली. कुठाय?"

मुलीला मंगळ. तीन वर्षं लग्न जुळत नव्हतं, आणि पाहुणे पत्रिका न्यायलाच आलेले. मी कव्हराकडं बोट दाखवलं. अण्णा हात जोडून म्हणाले, "साहेब, मंगळाच्या घरातनं बोल्ट गेलाय. आता काढायचा म्हटलं तर परत गळंल."

मुलाचे वडील हसून हसून ओट्यावरच बसले. "ऱ्हाऊ द्या तिथंच!" म्हणाले, आणि पत्रिका न बघताच लग्न ठरलं.

महिन्याभरानं आमच्या वर्कशॉपात एक गृहस्थ आले. इंजिन नाही, काही नाही, काखेत नुसती गुंडाळी. "मिस्त्री, आमच्या आक्काचीबी तेवढी कव्हरात बसवा की!"

*

पुढं गव्हर्नरची स्प्रिंग तुटली. अण्णांनी तारेची हातानं वळून केली, ती भलतीच ताठ झाली. चालू केल्याबरोबर इंजिन सुटलं! काळा धूर, कानठळ्या, ट्रॅक्टर जागच्या जागी थरथरतोय. भीमाप्पा तंबाखूच्या रानात पळाला. अण्णा ओरडले, "हवा कोंड! कापड घाल!"

मी हाताला लागलं ते ओढलं आणि हवेच्या नळीवर दाबलं. इंजिन दोनदा ठसकलं आणि थांबलं. मग बघतो तर माझ्या हातात इनामदारांचा रेशमी फेटा, अर्धा नळीत गेलेला! आता आपली धडगत नाही, असं वाटलं.

शेजारीच उभ्या इनामदारांनी डोकं चाचपलं. "इंजन वाचलं ते बेस झालं रं. पर मी असा बोडका घरी गेलो तर कुणी गेलं म्हणून बायका रडाय लागतील, त्याचं काय?"

*

आणि बेचाळीस साल. गावोगाव धरपकड चाललेली. अण्णा एकटेच निपाणीला गेले होते. तिथून त्यांनी मला तार केली. पोस्टातल्या कारकुनानं ती इंग्रजीत लिहून दिली : "गव्हर्नर फिनिश्ड. कव्हर ओपन. कम विथ हॅमर."

तारेच्या आधी माझ्याकडं फौजदार पोचले! मी आईची शपथ घेतली, देवाची घेतली. काही उपयोग नाही. कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून मला निपाणीला नेलं. बायकोला दिवस गेलेले. रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढून तिचं तोंड हलेना.

इनामदारांच्या आवारात अण्णा ट्रॅक्टरखाली आडवे झालेले. फौजदार गरजले, "गव्हर्नर कुठाय?"

अण्णांनी मान वर केली नाही. "घमेल्यात हाय, घासलेटात बुडवलाय. तासभर भिजू द्या."

शिपायानं काठी उगारली. अण्णा बाहेर आले, घमेल्यात हात घातला आणि तो निथळता गव्हर्नर फौजदारांच्या हातावर ठेवला. फौजदारांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. तरी जबाब घ्यायलाच हवा होता. शिपायानं पेन्सिल काढली आणि फौजदार विचारू लागले.

"ह्याचं काम काय?"

"इंजनाला दाबून धरायचं, साहेब."

"म्हणजे हा काढला की इंजन बंद पडतं?"

"छ्या छ्या! लई जोरात पळतंय की! मग कुणाच्या बापाला आवरत न्हाय!"

शिपायाची पेन्सिल थांबली. फौजदारांनी इकडंतिकडं बघितलं, रुमालानं हात पुसले आणि हळूच म्हणाले,

"एवढं शेवटचं लिहू नको रं."