जिपार-एजेने शिकवलेला शब्द

सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही किरगीझ रीत जिपारने लग्नाच्या दिवसापासून पाळली, आणि अंमळ जास्तच पाळली. सासऱ्याचं नाव सुयुनबाय. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, मुलं तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत, आणि एका वर्षी तिच्या वर्गात त्याच नावाचा एक पोरगा आला. हजेरी घेताना ती त्याला "खिडकीजवळचा" म्हणू लागली. पुढे त्यानं शेवटचं बाक पकडलं, तरी खिडकीजवळचाच राहिला. गावात तिचं हसू व्हायचं, पण सासूच्या बैठकीत त्याच गोष्टीचं कौतुकही व्हायचं, त्यामुळे जिपारला त्या हसण्याचं काही वाटत नसे.

सुयुनबाय मेर्गेन होता, म्हणजे अचूक नेमाचा शिकारी. गावामागच्या खिंडीत डोंगरी बोकड होते, वाकड्या भल्यामोठ्या शिंगांचे. पाच-सहा आठवड्यांतून एकदा म्हातारा पहाटे घोड्यावर बसून जाई आणि खोगिरामागे जनावर बांधून आणी. वाटेत जो भेटेल त्याला शिकारीतला वाटा द्यायचाच असतो. त्यामुळे तो परतायच्या वेळी गावातल्या बऱ्याच जणांना नेमकं त्याच वाटेवर काम निघे. उरलेलं मांस जिपार मोठ्या कढईत शिजवी. शिकारीला बंदी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण भरल्या तोंडानं कोण बोलणार?

त्या वर्षीच्या इंग्रजीच्या पुस्तकात निसर्गावर धडा होता. जिपारला तो मनापासून आवडला. हॅबिटॅट म्हणजे जनावराचं घर. एन्डेंजर्ड म्हणजे जे संपत चाललंय ते. एक्स्टिंक्ट म्हणजे संपलंच. मुलांकडून तिनं हे शब्द घोटून घेतले. उच्चार चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

"एजे, पोचर म्हणजे काय?" सरपंचाच्या मुलीनं, बेगिमायनं विचारलं.

"चोरून शिकार करणारा. चोरच तो."

"म्हणजे शहरातून जीप घेऊन येतात, ते?"

"तेच," जिपार म्हणाली आणि फळा पुसून टाकला.

वसंतात परदेशातून हेलन नावाची बाई आली. खिंडीतली जनावरं वाचवायचं तिचं काम होतं. शाळेच्या सभागृहात गाव जमलं, दुभाषी म्हणून जिपार उभी राहिली. पहिल्या रांगेत पांढरी फेल्टची टोपी घालून म्हातारी मंडळी, मधोमध सुयुनबाय. मागे बायका, आणि भिंतीला टेकून जिपारच्या वर्गातली मुलं, एजे खरोखरचं इंग्रजी कसं बोलते ते ऐकायला आलेली.

हेलनचं म्हणणं सरळ होतं. राखण गावानंच करावी, उन्हाळ्यातलं खिंडीवरचं कुरणही गावाकडेच राहील. पण तिच्या माणसांना खडकांत रक्त आणि कातडी सापडली होती. शिकार कोण करतं?

जिपारने प्रश्न किरगीझमध्ये सांगितला.

"कोणी नाही," सरपंच म्हणाला.

"आमच्याकडे? छे! बोकड म्हातारे होऊन मरतात," मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"मी तर बंदूक कुठं ठेवलीय तेच विसरलो," सुयुनबाय म्हणाला. लोक आणखी हसले. जिपारने हे सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, हशा सोडून.

हेलन हसली नाही. तिनं कागद आवरायला घेतले. सगळं गावच खोटं बोलत असेल तर इथं काम करण्यात अर्थ नाही, ती म्हणाली. खिंड पूर्ण बंद करा असं आम्ही जिल्ह्याला लिहू, कुरणासकट.

हे वाक्य जिपारने किरगीझमध्ये आणलंच नाही. कुरण गेलं म्हणजे सगळ्या गावाची मेंढरं गेली, तिच्या नवऱ्याचीही. ती घाबरली, हे खरं. हेलनकडे वळून ती इंग्रजीत म्हणाली, "सगळं गाव नाही. एकच म्हातारा आहे. माझा सासरा. तो पोचर आहे."

इंग्रजीत ते सहज बोलून झालं. त्या शब्दाला गावचा वास नव्हता, पुस्तकाचा होता. सासऱ्याचं नावही घ्यावं लागलं नाही. रीत मोडली नाही, असं तिला त्या क्षणी वाटलंसुद्धा.

भिंतीपाशी बेगिमायनं तोंडावर हात नेला. सगळ्या सभागृहात तो शब्द कळणारी फक्त ती पोरंच होती, आणि त्यांना तो जिपारनेच शिकवला होता. बेगिमाय आजीच्या कानाशी लागली. आजीनं शेजारणीला सांगितलं. कुजबुज एकेक बाक करत पुढे सरकली. शेवटी पहिल्या रांगेतला एक म्हातारा सुयुनबायकडे झुकला आणि दोन शब्द बोलला.

सुयुनबायनं गुडघ्यावर हात टेकले, सावकाश उठला.

"सुनबाई, त्या पाहुणीला काय म्हणालीस?"

"बाबा..."

"आपल्या भाषेत सांग."

सरपंच जमिनीकडे बघू लागला. इतकी वर्षं त्या वाटेवर वाटा घ्यायला उभे राहिलेले सगळेच जमिनीकडे बघत होते.

"चोर म्हणालीस ना?" म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मांस खाताना मी मेर्गेन होतो. असू दे. शिकार मीच केली, पाहुणीला सांग. खिंड गावाकडे ठेवा म्हणावं. बंदूक उद्या घेऊन जा म्हणावं."

जिपारने ते इंग्रजीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही. हेलननं ते लिहून घेतलं.

दारापर्यंत जाऊन म्हातारा थांबला.

"इतकी वर्षं माझं नाव घेतलं नाहीस, सुनबाई," तो म्हणाला. "घेतलंस तेव्हा हे घेतलंस."