बिब्ब्याच्या दोन ओळी

नागपूरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या मराठीच्या प्राध्यापकांचे एक स्नेही वऱ्हाडचा लहानसा कोश तयार करत होते. झाडं, गावं आणि नामांकित माणसं. प्रत्येकाची व्याख्या दोन-तीन ओळींत. खेड्यातून आलेल्या मुलांनी आपापल्या भागातल्या नोंदी लिहून द्याव्यात, असं त्यांनी सांगितलं. वाशीमकडचा वर्गात मी एकटाच, आणि आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलाही पहिलाच. कुणीतरी आपल्याला काही विचारतंय याचंच मला अप्रूप होतं.

पळस, तरोटा, अंबाडी या नोंदी झटपट झाल्या. बिब्ब्यापाशी मात्र अडखळलो.

आमचं गाव किन्हीराजाच्या अलीकडे, मालेगावचा रस्ता सोडून आत. आजूबाजूच्या रानात बिब्ब्याची झाडं आहेत. बिब्ब्याच्या बीमध्ये बदामासारखा गोड मगज असतो, ती गोडंबी. पण तिच्यावरच्या टणक टरफलात काळं, जाळणारं तेल असतं. गावातल्या बाया दगडावर बी धरून ती फोडतात. हाताला राख चोळतात, बोटांना चिंध्या बांधतात, तरी तेल उडतंच. उडेल तिथे कातडी सुजते, फोड येतात, त्यातून पाणी वाहतं. त्याला आमच्याकडे बिब्बा उतणं म्हणतात.

माझी माय बिब्बे फोडायची. बिब्ब्याच्या हंगामात ती पीठ मळत नसे, भाकरी बहीण थापायची. लहानपणी मी कुठे पडून रडत आलो, तर माय दोन्ही तळवे वर हवेत धरून मला कोपरांनी जवळ ओढायची. सगळ्याच आया असं जवळ घेतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

म्हणून मी झाडाची उंची, पानं, औषधी उपयोग, धोबी कपड्यांवर खूण करतात ते, सगळं लिहून शेवटी एक वाक्य घातलं: ‘बी फोडणाऱ्या बायकांचे हात व तोंड या तेलाने उततात.’

कागद परत आला तेव्हा तेवढंच वाक्य खोडलेलं होतं. त्याच्या जागी ‘गोडंबी पौष्टिक असून मिठाईत घालतात’ असं होतं.

भांडायला जाण्याचा माझा स्वभाव नाही. दोन दिवस मनाची तयारी करत होतो. शेवटी गेलो. कोशाचे संपादक, म्हणजे प्राध्यापकांचे ते स्नेही, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी बसायला पाट दिला, आतून चहा मागवला आणि समजावून सांगितलं की व्याख्येत वस्तू काय आहे ते सांगायचं असतं, तिच्यापायी कुणाला काय सोसावं लागतं ते नव्हे. माझी भाषा चांगली आहे, असंही म्हणाले. त्यांच्यापुढे नोंदींचे कागद पसरलेले होते. त्यात धोतरा होता.

मी चाचरत म्हणालो, “साहेब, धोतऱ्यात लिहिलंय, बी खाल्ल्यास माणसास वेड लागते. ते चालतं?”

“ते कोणालाही लागू आहे,” ते म्हणाले. “खाणारा कोणीही असू शकतो.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. धोतरा खाणारा कोणीही असू शकतो, म्हणून तो माणूस. बिब्बा फोडणारी मात्र ठरलेली. तिच्या घरी दुसरं काम नाही म्हणून ती फोडते, म्हणून ती व्याख्येत बसत नाही. शेजारीच आमच्या गावाची नोंद होती: ‘येथील गोडंबी प्रसिद्ध आहे.’ नामांकितांमध्ये वाशीमच्या ज्या व्यापाऱ्याकडे आमची गोडंबी जाते, ते होते. त्यांनी गोडंबीचा व्यापार दूरवर नेला आणि पाणपोई बांधली, हे चार ओळींत आलं होतं. झाडाला जागा, गावाला जागा, शेठजींना जागा. बी आपोआप फुटत असावी.

माझं तोंड पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी लेखणी उचलली आणि नोंदीत तीन शब्द वाढवले: ‘तेल त्वचेस दाहक.’ आता झालं ना समाधान, असं विचारलं. मी मान हलवली, आणि जिना उतरताना त्या मान हलवण्याचाच मला राग आला. कोणाच्या त्वचेस?

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो. माय ओट्यावर बसून बोटांना खोबरेल लावत होती. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, तिलाही संताप येईल. ती आधी घाबरली.

“माहे हात पुस्तकात कायले टाकतं बाप्पा?” ती म्हणाली. “तुया बहिनीले पाहाले लोक येऊन राह्यले. कोनी वाचलं तं मनतीन, उतल्या हाताची पोरगी हाय.”

बहिणीला दोन महिने बिब्ब्याला हात लावू दिला नव्हता. डाग जावेत म्हणून माय रोज तिला दुधाच्या सायीने हात चोळायला लावी. पाहुणे आले की आधी पोरीचे हात पाहत. त्याच पाहुण्यांसाठी गोडंबीचे लाडू केलेले होते.

मी म्हणालो, ते वाक्य आता राहिलंच नाही. नुसतं तेल दाहक आहे, एवढंच आहे.

“मंग बेस झालं,” माय म्हणाली. “कोनाले ते नाही सांगतलं ना?”

तिचा जीव भांड्यात पडला, आणि मला मात्र संपादकांवर आला नव्हता इतका राग आला. कोणावर, ते तेव्हा कळेना. मायवर नव्हता, एवढं नक्की. जिला जाळलं, तिनेच ते लपवावं, आणि छापणाऱ्याने ते खोडून तिला उपकार केल्यासारखं वाटावं, याचा तो राग होता. पण बहिणीचं लग्न माझ्या वाक्यापायी मोडावं, असं मला वाटत नव्हतं. ते वाक्य मी तेव्हा बाजूला ठेवलं.

गेल्या माघात बहिणीचं लग्न झालं. तिच्या सासरी शेती आहे, बिब्बा नाही. आता ते वाक्य लिहायला मला अडवणारं कोणी नाही. कोशात असेल ते असो. बी फोडणाऱ्या बायकांचे हात व तोंड या तेलाने उततात. त्या बायकांत माझी माय आहे.