शेवटचा चांगला आकडा

दूध थंड करणाऱ्या टाकीचं तापमान पडद्यावर चार अंश दिसत होतं, हिरव्या अक्षरांत. झाकण उघडून वर हात धरला, तर आत गारवा नव्हता. दूध अजून नासलं नव्हतं, एवढंच नशीब.

तापमापकाची वायर सुटली होती, आणि टाकी गारच आहे असं समजून कूलिंगही बंद पडलं होतं. तरी पडदा हिरवाच, कारण त्याची सेटिंग मुळातच तशी आली होती: नवा आकडा मिळाला नाही, तर शेवटचा चांगला आकडा दाखवत राहायचं. मी ती बदलली. आता आकडा आला नाही, तर भोंगा वाजेल.

"मॅडम, उठसूट बोंबलत बसेल तो," आमचे ऑपरेटर म्हणाले.

"बोंबलू दे."

पण त्या हिरव्या आकड्यावरून मला गावाकडची आई आठवली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. तेव्हापासून फोनवर तिचं एकच उत्तर असे, "आम्ही बरे आहोत, तू अभ्यास कर." त्या बरेपणाच्या सावलीत मी शिकले, ते उपकार फिटायचे नाहीत. पण ते बरेपण कधीचं होतं, कुणास ठाऊक.

संध्याकाळी फोन लावला.

"बरी आहे गं मी."

"आज भजनाला गेली होतीस?"

"आज नाही."

"काल?"

"देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, बाई. छातीत भरून येतं."

"सकाळच्या गाडीनं येते. दवाखान्यात जाऊ."

दर वेळी ती लगेच "नको" म्हणते. या वेळी म्हणाली, "ये."