सहा घरांचे पुस्तक

सौंदडला छोट्या लाइनच्या गाडीतून उतरलो तेव्हा धान कापून मोकळी झालेली शेते उन्हात पसरली होती. माझ्या पिशवीत आमच्या नागपूरच्या वाचनालयाचे गुरांच्या औषधांचे जुने शिळाछाप पुस्तक होते. त्याचा शेवटचा भाग हरवला होता. दुसरी प्रत इथल्या एका खेड्यातल्या वाचनालयात असल्याचे पत्रातून कळले होते. ती मागून आणावी आणि दोन्ही प्रती आपल्या लोखंडी कपाटात सुखरूप ठेवाव्यात, असे आमच्या चिटणिसांनी बजावले होते.

गावाकडे जाताना बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठावरून पाय घसरला आणि मी गुडघाभर चिखलात गेलो. पुस्तक तेवढे डोक्यावर धरले होते.

वाचनालय सांभाळणाऱ्या लक्ष्मण पाटलांनी पाय धुवायला पाणी दिले, भात आणि लाखोरीच्या डाळीचे वरण पोटभर वाढले. मग मी पुस्तक मागितले, तर त्यांनी मुखपृष्ठ आणि पहिली काही पानेच पुढे ठेवली.

"बाकीचे?"

"पाच घरी ठेवलं जी."

माझा पारा चढला. "पाटील, पुस्तकाची खांडोळी केलीत तुम्ही!"

"केली जी. सारं एकाच घरी ठेवलं, अन् घर जळलं त? इथं उन्हाळ्यात तणसाची (धानाच्या पेंढ्याची) छपरं पेटतेत."

म्हणून त्यांनी शिवण उसवून सहा भाग सहा घरी दिले होते. आम्ही घरोघर फिरलो. एक भाग देव्हाऱ्यात होता, एक धानाच्या ढोलीत (कणगीत) कडुनिंबाच्या पाल्यात. सगळे कोरडे, एका पानालाही कीड नाही. आमच्या लोखंडी कपाटात मी स्वतः झुरळे मारली आहेत. माझा आवाज आपोआप खाली आला.

काशीबाईंच्या दारात मात्र त्या रिकाम्या हातांनीच उभ्या राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांचे घर जळाले आणि त्यांच्याकडचा तिसरा भागही गेला.

"खुरीच्या रोगाची दवा त्यातच होती. गावाचं माह्या घरून गेलं जी," त्या मान खाली घालून म्हणाल्या. तेव्हापासून त्यांनी वाचनालयाची पायरी चढली नव्हती.

आमच्या प्रतीतला तो भाग माझ्या पिशवीत होता. दोन दिवस बसून मी आमच्यासाठी त्यांच्या प्रतीतला शेवटचा भाग उतरवून घेतला आणि गावासाठी आमचा तिसराही. तिसऱ्यातली झाडपाल्याची चित्रे काही केल्या साधेनात. पण नागपुरात ती बघून पाला तोडायला कोण जातो? माझी नक्कल आम्हालाच पुरे. मी आमच्या प्रतीचा दोरा कापला आणि छापील तिसरा भाग पाटलांच्या हाती दिला. पाटलांनी तो काशीबाईंपुढे धरला.

"माह्या घरी नोको जी!"

"काऊन? जिचं घर जळलं, तिच्यावानी कोन जपते? तुह्याच घरी ठेव."

काशीबाईंनी तो पदरात घेतला आणि त्या रडू लागल्या.

नागपूरला परतल्यावर चिटणिसांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. "उद्या त्या बाईचे घर पुन्हा जळाले तर?"

"ती बाई पाने घेऊनच बाहेर पडेल," मी म्हणालो. "आपले वाचनालय पेटले तर आत कोण शिरेल?"

खरे सांगायचे तर मीही शिरलो नसतो.