बस्ता बांधायला नागपूरला

नलिनीताईंशी माझी पहिली ओळख झाली ती रिकाम्या खुर्च्यांसमोर. मी तेव्हा पांढुर्ण्याच्या एका शाळेत शिक्षिका होते आणि ताई शाळेतल्या मुलींच्या आयांना स्तनाच्या कर्करोगाची माहिती द्यायला आल्या होत्या. विषय ऐकूनच बायकांनी घरची कामं काढली, एकही फिरकली नाही. मला लाज वाटली. ताई म्हणाल्या, "निदान चहा तरी घेऊ." पुढच्या महिन्यात त्यांनी विषय लावला 'कंबरदुखी'. बायका इतक्या आल्या की सतरंज्या अंथराव्या लागल्या. कंबरेपासून सुरुवात करून ताई बरोबर छातीपर्यंत पोहोचल्या, आणि मी त्यांच्या कामात ओढली गेले ती आजतागायत.

डॉ. नलिनीताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, मीही साठी ओलांडली. खरं सांगायचं तर आम्ही दोघी थकलो आहोत. गौरवग्रंथात असं लिहायची पद्धत नाही, पण कोरडी स्तुती ताईंना चालत नाही.

आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या बायका गाठ हाताला लागूनही उशिरा का येतात आणि उपचारानंतर पाच वर्षांनी त्यातल्या किती हयात असतात, हा ताईंच्या संशोधनाचा विषय. ऐकायला सोपा आहे. करायला म्हणजे जीव काढणारा. कधी कापसाची वेचणी आडवी येते, कधी संत्र्याची तोड, कधी जामसांवलीच्या मारुतीचा नवस. नवसाला ताईंनी कधी नाही म्हटलं नाही. "नारळ फोडा आणि तिथूनच नागपूरच्या गाडीत बसा," एवढंच त्या सांगत. यायची बंद झालेल्या बाईपुढे 'संपर्क तुटला' असं लिहायची संशोधनात सोय असते. ताईंना ते दोन शब्द सहन होत नाहीत. असं कोणी लिहिलं की त्या मला घेऊन त्या बाईच्या गावी निघतात. माझ्या गुडघ्यांना कोणी विचारत नाही.

वत्सलाबाईंची गोष्ट त्यांच्याच परवानगीने सांगते. मोहगावजवळच्या खेड्यातल्या या बाईंचं ऑपरेशन झालं होतं, औषधाच्या सलाईन सुरू झाल्या होत्या, आणि मध्येच त्या यायच्या बंद झाल्या. आम्ही गेलो तर अंगणात पाहुणे. मुलीची सोयरीक जुळली होती. ताईंनी बाहेर सांगितलं की गावातल्या सगळ्याच बायकांचं रक्त तपासायचं आहे, आणि एका बाईशी बोलता यावं म्हणून आम्ही भर उन्हात गल्लीतलं घर न् घर पालथं घातलं. माझी चिडचिड चालली होती. ताई शांत.

शेवटी वत्सलाबाई स्वयंपाकघरात एकट्या सापडल्या. "मॅडम, पोरीचं लगन होऊ द्या, मंग मले कुठंबी न्या. आईले असा रोग हाय म्हनलं तं पोरीले कोन करन?"

"अन् लगनात आई नको का पोरीले?" ताईंनी विचारलं. ताई त्यांच्याच बोलीत बोलू लागल्या की मला कळतं, आता त्या हटणार नाहीत.

"केस गेले माये. लोक पाहून राहिले."

"पदर डोक्यावरून उतरते का तुमचा कधी? मंग कोन पाहून राहिलं? अन् लगनघरची बाई बस्त्याले नागपूरले जाते, तिले कोन विचारते?"

ठरलं. दर खेपेला वत्सलाबाई बस्ता बांधायला म्हणून माझ्याबरोबर बसने नागपूरला जायच्या. त्या इस्पितळात सलाईनवर, आणि मी बाजारात पातळं, ब्लाउजपीस, बांगड्या घेत उन्हात फिरत, कारण रिकाम्या हाताने परतणारीवर गाव कसा विश्वास ठेवणार? माझी निवड त्यांना कधीच पसंत पडली नाही. उलट्यांनी गळून गेलेली बाई परतीच्या बसमध्ये म्हणायची, "हा रंग कायले घेतला वो बाई?" सलाईन संपल्या, मग लग्न झालं. मांडवात वत्सलाबाई पदर सावरत उभ्या होत्या. ताई आणि मी मागच्या रांगेत बसून जेवलो. ताईंचे डोळे भरून आले होते, माझेही.

यंदापासून अभ्यासात नवी बाई घ्यायची नाही, असं ताईंनी ठरवलं होतं. नोंदवलेल्या प्रत्येक बाईमागे पाच वर्षं उभं राहावं लागतं आणि आता तेवढा जोर उरला नाही, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर काही दिवसांनी ताईंच्या दवाखान्यात एक बाई आल्या. वत्सलाबाईंच्या विहीणबाई, मुलीच्या सासूबाई. पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "मॅडम, वत्सलाबाईले ज्या बस्त्याले नेत होत्या, तिथं मलेबी न्या."

त्यांना सगळं ठाऊक होतं. सोयरीक मोडायची नव्हती म्हणून त्याही गप्प राहिल्या होत्या.

मी ताईंकडे पाहिलं. "ताई, आपलं ठरलं होतं."

"हो, ठरलं होतं," म्हणत त्या खुर्चीला धरून उठल्या आणि हात धुवायला गेल्या. आज विहीणबाईंचे उपचार सुरू आहेत, आणि सोबत वत्सलाबाई जातात.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ताई, मी ते मागते आहे ते विहीणबाईंसाठीही. त्यांची पाच वर्षं आत्ता कुठे सुरू झाली आहेत, आणि ती पुरी झाली की त्यांच्या दारात उभं राहून "कशा आहात?" असं विचारायला तुम्हीच हव्या आहात. गोळ्या वेळेवर घ्या, जिना एकट्याने उतरू नका. थकायचं तेवढं थका, पण आम्हाला सोडून इतक्यात जाऊ नका.