पिढीजात पगडी

आता स्वतःच्याच फजितीचं काय सांगायचं! पण चहा उकळेपर्यंत वेळ आहे, तर ऐकाच.

आमच्या जुईचं पुण्यात ठरत होतं. मुलाकडची मंडळी ग्वाल्हेरला आली आणि मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "इतकी वर्षं हिंदी मुलखात राहून तुमच्या घरात मराठी काय उरलंय?" झालं! आम्हा ग्वाल्हेरकरांच्या नेमक्या वर्मावर बोट. समोर आजोबांचा पगडीतला फोटो होता. मी म्हणालो, पगडी बांधणं आमच्याकडे पिढीजात आहे.

हा शब्द माणसानं जपून वापरावा. बापाकडून मुलाकडे आपसूक येतं, ते पिढीजात. मला वडिलांकडून रक्तदाब आला होता, पगडी नव्हे.

व्याही खूश. म्हणाले, मग साखरपुड्यात आमच्या चिरंजीवांना तुम्हीच बांधा, सगळ्यांसमोर.

ते गेल्यावर जुई म्हणाली, "बाबा, अब क्या करोगे? तुम्हाला तर टाय पण आई बांधून देते."

मी म्हटलं, रक्तात असतं ते, हात आपोआप चालतात. मग आठवडाभर रक्ताला संधी दिली. उशीवर बांधली, कुकरवर बांधली. कुकरवर बरी बसायची.

पण जावयाचं डोकं म्हणजे काही कुकर नव्हे, ते हलत होतं. भरल्या हॉलात तिसऱ्या वेढ्याला कान झाकले गेले, पाचव्याला डोळे, आणि मग सगळीच पगडी गळ्यात उतरली. पुणेकरांत कुजबुज सुरू झाली. थापाड्यांची मुलगी नको म्हणाले तर? जुई माझ्याकडे बघेना.

तेवढ्यात माधवगंजची माझी आत्या काठी टेकत पुढे आली. "याचं मनावर नका घेऊ. माझे वडील तर बाड्यावरच्या बाजारातून तयार पगडी आणायचे. त्यांचे वडील पण."

"मग पिढीजात काय?" व्याह्यांनी विचारलं.

"बढाया. माझ्या लग्नात वडील हेच बोलले होते, आणि माझ्या नवऱ्याच्या गळ्यात अशीच उतरली होती."

व्याही हसता हसता खुर्चीत बसले. म्हणाले, एवढी जुनी परंपरा मोडायला नको, लग्न करूनच टाकू.

लग्नात पगडी गुपचूप बाड्यावरूनच आणली. आता नातवाचं बारसं आहे. परवा व्याह्यांना फोनवर म्हणून बसलो, बाळाची कुंची मीच शिवतो, शिवणकाम आमच्याकडे पिढीजात आहे.